हसलेले अनारसे

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

ही वही बाबांसाठी आणली. रोज काय खाल्लं, किती दुखलं, तोंड किती बोटं उघडलं, ते लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते डाव्या पानावर. उजवं पान माझं. घरात आम्ही तिघंच. माझा नवरा दीपेश दिवसभर कुरियरची गाडी चालवून येतो आणि जेवता जेवता पेंगतो. बाबांशी तर हे बोलताच येत नाही. मग इथेच लिहीन.

ऑपरेशन ३१ तारखेला. जिभेची उजवी बाजू काढणार, अर्धी किंवा थोडी जास्त, ते आत गेल्यावरच कळेल. हाताचं कातडं घेऊन तिथे लावणार. डॉक्टर वयाने लहान आहेत, पण लपवत नाहीत. म्हणाले, "चव पहिल्यासारखी राहणार नाही. बोलणंही नाही. आत्तापासून मनाची तयारी करा."

मी चवीचंच डोक्यात घेऊन घरी आले. बोलण्याचं एवढं काही नाही, बाबा तसेही दिवसाला दहा वाक्यं बोलतात. नारपोलीच्या यंत्रमागांवर चाळीस वर्षं ते जॉबर होते, लूम बिघडला की दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात माणसं खुणांनी बोलतात, तीच सवय त्यांनी घरी आणली. तंबाखूही तिथलीच, शिफ्टमध्ये डोळा लागू नये म्हणून.

आज आपट्याची पानं हातात देताना म्हणाले, "रुचिके, या दिवाळीला अनारसे कर. आई करायची तसे."

आजीचे अनारसे मी लहानपणी खाल्लेत. पण गुळाच्या वासापलीकडे मला काही आठवत नाही. कधी नव्हे ते बाबांनी काहीतरी मागितलं, आणि त्या जिभेने ते शेवटची दिवाळी खाणार. करणारच.

रविवार, ५ ऑक्टोबर

बाजारातून अनारशाचं तयार पीठ आणलं. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे केलं. दिसायला एकदम दुकानातल्यासारखे. बाबांनी ताटली उचलून उजेडात धरली, वास घेतला आणि परत ठेवली.

"हे न्हाय."

"खाऊन तरी बघा."

"बघून कळतंय."

चिडले मी. दीपेशने चार खाल्ले आणि मलाच समजावलं, "घरचं पीठ कर ना. त्यांना फरक कळणारच." ठीक आहे. तांदूळ भिजत घातलेत. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून, जरा ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ घालून गोळे करायचे आणि डब्यात मुरायला ठेवायचे. आठवडा जातो. ऑपरेशनपर्यंत आपल्याकडे साडेतीन आहेत.

तोंड आज दोन बोटं उघडलं, तेही जेमतेम. डाव्या पानावर फक्त 'दोन' लिहिलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

पीठ दळलं, गूळ घातला. कशेळीला ऑनलाइन सेलची गडबड आहे. आमच्या गोडाऊनमध्ये मी रिटर्नला आहे, लोकांनी परत पाठवलेला माल तपासायचा. नेत्रा सुपरवायझर आहे, तिने आज सगळ्यांना उभं करून सांगितलं, दिवाळी होईपर्यंत कुणालाही सुट्टी नाही. माझ्याकडे बघून सांगितलं असं वाटलं. ३१ ला काय करायचं ते अजून तिच्याशी बोलले नाही. हिंमत होत नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सगळे अनारसे हसले. एकूण एक.

सकाळी ड्युटीच्या आधी तळायला घेतले. पुरी खसखशीवर थापली, तुपात सोडली, तर कडा सुटल्या, मग मधून भोक, मग नुसता भुगा. गूळ जास्त झाला. आच कमी केली, वाढवली, काही उपयोग नाही. तूप सगळं काळं. मी कढईसमोर उभी राहून रडले. हसलेल्या अनारशासाठी कुणी रडतं का, पण रडले.

बाबा आतून विचारत होते, "झाले का ग?" मी म्हटलं, "अजून मुरलं नाही पीठ." खोटं बोलले. सगळा चुरा झाऱ्याने निथळून डब्यात भरला आणि त्यांना दिसायच्या आत पिशवीत टाकून गोडाऊनला नेला. मुलींनी चमच्यांनी खाल्ला. नेत्रा म्हणाली, "हे असंच बनवतात का? भारी लागतंय." तेवढ्यात तिला ३१ तारखेचं सांगितलं. ती चमचा तोंडातून काढून म्हणाली, "लेखी दे. बघते."

रविवार, १२ ऑक्टोबर

उरलेल्या पिठात तांदळाची पिठी मळून घेतली आणि आज जमले! जाळी पडली, खसखस चिकटून राहिली. दीपेशने फोटो काढला.

बाबांनी नखाएवढा तुकडा डाव्या गालात ठेवला. बराच वेळ. दुखत असणार, कारण डोळ्यांत पाणी आलं. मी समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, दहावीच्या निकालाच्या दिवशी बसले होते तशी.

"चांगले हायत," म्हणाले. "पन ते न्हाय."

"मग काय कमी आहे? गूळ? तूप?"

"मला काय ठाव. ते राहीला ठाव."

नऊ वर्षांत हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघालं.

राहीबाई म्हणजे माझी आत्या. बाबांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परत आली आणि आजीजवळच राहिली. गाव वाडा रस्त्याला, इथून तासाभरावर. नऊ वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा बाबा पोचले नाहीत. गावाने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग आत्यानेच अग्नी दिला. बाबा दुसऱ्या दिवशी कळल्यावर गेले आणि दहाव्याला सगळ्या गावासमोर आत्याला म्हणाले, "मला निरोप का न्हाय धाडलास? मी मेलो व्हतो का?" आत्या सांगत राहिली की निरोप धाडला होता. कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून जाणं-येणं बंद. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात आत्या दारापर्यंत आली होती, बाबा आतून उठले नाहीत.

आता हे 'ते राहीला ठाव'. म्हणजे कृती तिच्याकडे आहे. माझ्या लक्षात आलं, बाबांना मान खाली घालून बहिणीकडे काही मागायचं नाहीये, म्हणून माझ्यावर टाकतायत. मी गुपचूप फोन करून विचारून घेईन, त्यांना कळूही देणार नाही. कमीपणा नको.

सोमवार, १३ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनच्या मागे, कंटेनर उभे असतात तिथे जाऊन फोन लावला. आत्याने आवाज ओळखला नाही. मी नाव सांगितल्यावर म्हणाली, "कोन मेलं?"

मी म्हटलं, कुणी नाही. बाबांचं सांगितलं. पलीकडे नुसता कोंबड्यांचा आवाज. मग अनारशाचं विचारलं.

"जुनी झिनी घे. नवा तांदूल नको. तीन रोज पानी बदल. गूल हाताला कलंल तेवडा. घाई करू नको." एवढं बोलून फोन ठेवला.

झिणी म्हणजे वाडा कोलम, तो जुना तांदूळ निजामपुऱ्यात एका दुकानात मिळाला. घरी आल्या आल्या भिजत घातला. बाबा दारात येऊन बघत होते.

"आता परत का?"

"नवीन कृती मिळाली."

"कोनी सांगितली?"

"मोबाइलवर बघितली."

ते खाटेवर जाऊन बसले. जेवताना पेज अर्ध्यात सोडली. डाव्या पानावर लिहिलं: अर्धी वाटी, भूक नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

हॉस्पिटलमधून फोन. एका पेशंटने दिवाळीनंतर येतो म्हणून तारीख सोडली, ती आपल्याला. सोमवारी, २० तारखेला ॲडमिट, बुधवारी २२ ला ऑपरेशन. "लवकर झालेलं चांगलंच, गाठ वाढतेय," असं ते म्हणाले. बरोबरच आहे. पण सोमवारी नरकचतुर्दशी! आणि पीठ मी आज सकाळी मळलंय. आत्याने घाई करू नको म्हटलंय, ते रविवारपर्यंत मुरणार नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. शुक्र, शनि, रवि. पुन्हा मोजले. मग माझा हात धरला, जो ते कधी धरत नाहीत.

"रुचिके, तीनच दिवस?"

"काळजी करू नका. अनारसे होतील, मी करते काहीतरी."

"अनारसे," म्हणाले, आणि हात सोडला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुखणं वाढलंय. गोळी दिली.

नेत्राला लेखी द्यायचं होतं ते राहिलंच. आता थेट उद्याची सुट्टी मागायची आहे, कारण मी ठरवलंय. आत्याकडे दिवाळीचं मुरलेलं पीठ असणारच. जाऊन डबाभर मागून आणते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

नेत्राला सकाळी फोनवर सांगितलं, "मी येत नाहीये. काढायचं तर काढ." एवढं बोलले आणि घाबरून स्वतःच फोन कट केला. तिचा मेसेज आला, 'मी तुला आजारी टाकलंय. जा.'

गावाकडचा रस्ता ओळखू येत नाही. भाताच्या खाचरांच्या मधोमध गोडाऊन. आमच्या घराकडे वळायची खूण म्हणजे चिंच होती, ती गेली. एका बाईला विचारत गेले. राहीबाईचं घर कुठलं म्हटल्यावर ती म्हणाली, "आईच्या मढ्याला भावाला न्हाय बोलावलं, ती राही ना?" नऊ वर्षं झाली. अजून असंच.

आत्या पडवीत सुपात तांदूळ पाखडत होती. वाळलीय, पण पाठ सरळ. मला बस म्हणाली नाही आणि जा पण म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं. सोमवारी ॲडमिट करणार, तीन दिवस हातात आहेत, बाबा दोन वेळा 'ते न्हाय' म्हणाले, तुझं पीठ दे.

"त्यानं माझं नाव घेतलं?"

"हो. ते राहीला ठाव, असं म्हणाले."

सूप थांबलं. "त्याचं बोलनं जानार का?"

"चव जाईल म्हणतात. फार तर थोडं गोड कळेल."

"मी चवीचं न्हाय इचारत. बोलन्याचं इचारते."

"हो, ते पण. स्पष्ट नाही येणार."

ती उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं रागावली. मग ॲल्युमिनियमचा डबा घेऊन आली, वर केळीचं पान बांधलेलं.

"तूच चल ना," मी म्हटलं. "तुझ्या हातचे—"

"मी त्या घरात पाय न्हाय ठेवनार. गावाच्या पानवठ्यावर माझ्याशी दोन वरसं कोन बोललं नव्हतं. तू ल्हान व्हतीस, तुला काय सांगू." मग डबा माझ्या हातात देत म्हणाली, "एक तुपात टाकून बग. गूल जास्त वाटंल. ऱ्हाऊ दे, पिठी घालू नको."

शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळी लिंबाएवढा गोळा घेऊन थापला. हात लावताच कळलं, गूळ फारच जास्त आहे. हे हसणारच. आत्या म्हातारी झालीय, अंदाज चुकला असेल. मी तिचं न ऐकता दोन चमचे पिठी घातली आणि सुबक जाळीदार अनारसे काढले. आत्याची लाज राखली म्हणायची!

ताटली ठेवली. बाबांनी डबा बघितला. ताटलीकडे बघितलंच नाही. डब्याच्या झाकणावर कोचा पडलेला आहे, त्यावर अंगठा फिरवत राहिले.

"हा आईचा डबा. तू गेली व्हतीस?"

आता लपवून काय करणार. "हो. पीठ आणलं आत्याकडून. खा आता, हेच ते."

"ती न्हाय आली?"

"मी विचारलं. नाही म्हणाली."

बाबांनी अनारसा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले. चाळीस वर्षं कामावर एकदाही न रडलेला माणूस. तोंड पूर्ण उघडत नाही, त्यामुळे रडण्याचा आवाजही नीट बाहेर येत नव्हता. दीपेश पुढे झाला, त्याने त्यांना धरलं.

मी स्वयंपाकघरात आले. माझं काय चुकतंय? दोन आठवडे मी कढईसमोर आहे. नोकरी पणाला लावली. ते खरं पीठ, खरी झिणी, खरा डबा. तरी नाही खाल्ला. आजारी माणसाचा राग धरू नये हे मला कळतं. पण आज मला त्यांचा राग आला, हे इथे खरं लिहून ठेवते.

दीपेश आत येऊन म्हणाला, "रुचिका, त्यांना अनारसा नकोय ग." म्हटलं, मला दिसतंय ते. तो आणखी काहीतरी बोलणार होता. मी भांडी आपटली तसा गप्प झाला. थोड्या वेळाने मोबाइल घेऊन बाहेर गेला.

रविवार, १९ ऑक्टोबर

आज खूप आहे. क्रमाने लिहिते.

दहाच्या सुमारास रिक्षा थांबली आणि आत्या उतरली. कापडाची एक पिशवी, बाकी काही नाही. मागाहून कळलं, काल दीपेशने तिला फोन केला होता. काय बोलला ते सांगत नाही.

ती उंबऱ्यात थांबली. बाबा खाटेवर बसलेले होते. उठायला गेले आणि त्यांचा तोल गेला, तेव्हा आत्या तीन पावलांत आत आली आणि त्यांना दंडाला धरून बसवलं. पाय ठेवणार नव्हती, तो असा ठेवला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"किती वाळलास रं विठू."

"बस."

पाणी दिलं. घोट घेऊन ती थेट स्वयंपाकघरात आली आणि डब्यातलं पीठ बघितलं. "पिठी घातलीस."

"हसले असते ना."

"हसायलाच पायजेत." तिने किसलेला गूळ मागितला आणि मुठीने घातला. मी शेजारी उभी राहून तिचा हात बघत होते, कुठे काय वेगळं करते ते पकडायला. काहीही वेगळं नव्हतं. तिने तुपात सोडला आणि त्याचा भुगा झाला, १० तारखेला झाला होता तसाच.

"आई असेच करायची?"

"आईला कदी आले अनारसे? दर वरसाला हसायचे. सगली वाडी तिला हसायची. आमी वाटीत चुरा घेऊन दूद वतून खायचो. विठूला वाटायचं, अनारसे म्हंजे असंच खायचं असतं."

मला हसावं की काय करावं कळेना. म्हणजे माझा शुक्रवारचा पहिला घाणाच बरोबर होता, आणि तो मी गोडाऊनच्या मुलींना वाटला! बाबांनी एका शब्दाने सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. का नाही सांगितलं, हे त्यांनाच ठाऊक.

आत्याने वाटीत चुरा घेतला, वर दूध घातलं, आणि चमच्याने स्वतः भरवायला बसली. त्या दोन बोटांच्या फटीतून. डावीकडून. बाबांनी पाच चमचे खाल्ले. सहाव्याला तिचा हात धरून थांबवला.

"राही, निरोप आला व्हता."

आत्याने चमचा वाटीत ठेवला.

"मुनीम आत आला. कानाशी येऊन बोलला, तुम्हारी मां गुजर गयी, गांव से फोन था. मी मान हलवली. आन परत लूमवर गेलो."

प्रत्येक शब्द काढताना त्यांना दुखत होतं, मधे थुंकी पुसत होते. मी म्हटलं, "बाबा, नंतर बोला, त्रास होतोय." आत्याने माझ्याकडे न बघता हाताने गप्प बसायची खूण केली.

"का?" तिने विचारलं.

"मला तिला तशी बघायची नव्हती. लूमच्या आवाजात काय आइकू येत न्हाय. तिथं बरं वाटलं. डबल शिफ्ट केली. दुसऱ्या दिवशी आलो तं लोक इचाराय लागले. तोंडातून निघून गेलं, निरोप न्हाय आला. मुनीम नंतर मुलकात गेला. मग कसं फिरवू?"

"नऊ वरसं."

"व्हय."

आत्याने वाटी खाली ठेवली. मला वाटलं आता ती त्यांना जवळ घेईल. ती उठून खिडकीशी गेली. तिथून पाठमोरीच बोलली, आणि आवाज चढवून बोलली.

"हे मला सांगून काय उपेग? मला ठाव व्हतंच. मी धाडला व्हता निरोप, मला ठाव नसंल? गावाला कोन सांगनार? उद्या तुजी जीब कापतील. मग मी मरंपर्यंत तीच राही, आईच्या मढ्याला भावाला न बोलवनारी!"

मी मधे पडले. "आत्या, अगं ते आजारी आहेत. आज नको."

"आजच," बाबा म्हणाले. "रुचिके, मोबाइल काढ."

मला समजलं नाही. दीपेशला समजलं, त्याने त्याचा मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. बाबांनी तोंड पुसलं, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मी विठू. गोदूबाईचा लेक. आई गेली तवा राहीनं निरोप धाडला व्हता. मला मिळाला व्हता. मी आलो न्हाय. मी खोटं बोललो. राहीचा गुना न्हाय. तिनं आग दिली ते बरोबर केलं. हे माज्या तोंडानं सांगतो, तोंड हाय तवर." मग जरा थांबून, "गावाला धाडा."

एक मिनिट बावीस सेकंद. मधे तीन वेळा थांबले.

आत्या खिडकीपाशीच उभी होती. मग आली, खाली बसली आणि वाटीतला उरलेला चुरा चमच्याने एकत्र करायला लागली. "दूद गार झालं," म्हणाली. "खा आता."

त्यांनी सगळा खाल्ला.

सोमवार, २० ऑक्टोबर

अंघोळी उरकून, दोन पणत्या लावून निघालो. ॲडमिशनच्या रांगेत दोन तास. आत्या बरोबर आहे, घरी जायचं नाव काढत नाही.

रेकॉर्डिंग दीपेशने मला पाठवलंय. गावाच्या ग्रुपवर मी आहे, तो नाही. रांगेत चार वेळा बोट नेलं आणि मागे घेतलं. आपल्या बापाची अब्रू आपणच मांडायची? ऑपरेशन होऊ दे, मग बघू, असंही वाटलं. बाबा व्हीलचेअरवर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी खूण केली, लूमवर करायचे ती, मूठ उघडून पुढे झटकायची. सोड.

सोडलं.

कुणी हात जोडलेले, कुणी अंगठा, बरेच जण गप्प. एकाने लिहिलं, आता कशाला उकरता. दुपारी सरपंचाच्या आईने आत्याला फोन केला. आत्या नुसतं "हा, हा" करत होती. ठेवल्यावर मला म्हणाली, "आईच्या पुन्यतिथीला येते म्हनाली." आणि पदराने मोबाइलची काच पुसत राहिली.

बुधवार, २२ ऑक्टोबर. पाडवा

आठला आत नेलं, पाचला बाहेर आणलं. नऊ तास. अर्ध्याहून जास्त गेली. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टर म्हणाले. गळ्याला भोक पाडून नळी, नाकात नळी. मी काचेतून बघितलं. आत्याने बघितलं नाही, बाकावरच बसून राहिली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

ताप. १०२. हाताचं जे कातडं लावलंय ते धरतंय की नाही, दर दोन तासांनी टोचून बघतात. रक्त लाल आलं तर जिवंत, काळं आलं तर नाही.

सहाला लाल. आठला लाल.

रविवार, २ नोव्हेंबर

ताप उतरला. कातडं धरलं. गळ्याची नळी काढली, भोकावर पट्टी आहे. मी उद्यापासून ड्युटीवर. दिवसभर आत्या थांबणार.

बाबांनी आज आवाज काढला. शब्द नाही, नुसता आवाज. त्यांना काहीतरी हवं होतं. मी उशी दिली, चादर दिली, नर्सला बोलावलं. ते मान हलवत राहिले आणि शेवटी डोळे मिटून घेतले. मी बाहेर जिन्यात येऊन रडले. दसऱ्याच्या दिवशी मी इथे काय लिहिलंय ते मागे जाऊन वाचलं. बोलण्याचं एवढं काही नाही, म्हणे!

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सुट्टी म्हणून सकाळीच गेले. वॉर्डच्या दारातच ऐकू आलं, बाबा काहीतरी लांबलचक बोलत होते. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, ओल्या फडक्यातून आल्यासारखं सगळं. आणि आत्या उत्तर देत होती.

"न्हाय, कौलं न्हाय फुटली. वांदरं आली व्हती पन हाकलली."

पुन्हा तसाच आवाज.

"त्ये मी कापनीला सांगितलंय. तू नको बगू."

मी विचारलं, "तुला कळतं कसं?"

"न कलाया काय झालं? दोन वरसांचा असताना असाच बोलायचा. आई खाचरात, ह्यो माज्या कडंवर. बाकी कोनालाच कलायचं न्हाय, मी सांगायची त्याला काय पायजे ते." मग बाबांच्या हनुवटीखाली पदर धरत म्हणाली, "तवा मीच शिकवलं बोलायला. आता परत शिकवीन, त्याला काय."

बोलणं शिकवणाऱ्या बाई येऊन रोजचा सराव सांगून गेल्या होत्या. आत्या खाटेवर बाबांच्या समोर मांडी घालून बसली आणि त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवून धरला.

"माज्या तोंडाकडं बग. म्हन, राही."

बाबांनी खूप जोर लावला. गळ्याच्या शिरा वर आल्या. "आ... ई."

"आई न्हाय. रा-ही. म्हन."

"आ-ई."

"रा. ही."

बाबांनी दम घेतला, डोळे तिच्यावरून न हलवता. "आई."

आत्याने पुन्हा दुरुस्त केलं नाही.